जनुकसंचातील खुणा आणि निवडीच्या कथा : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

बीजसंज्ञा : नैसर्गिक निवड, जनुकसंच, जेनेटिक ड्रिफ्ट, लोकसमूहाचा इतिहास, अंतर्विवाह

प्रास्ताविक

सप्टेंबर २००५ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात शिकागो विद्यापीठातील ब्रूस लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. मायक्रोसेफॅलिन आणि एएसपीएम या जनुकांत बिघाड झाल्यास मूल अत्यंत लहान मेंदू घेऊन जन्माला येते, हे आधीपासून ठाऊक होते. याच दोन जनुकांची विशिष्ट रूपे मानवी लोकसमूहांत अलीकडच्या काळात असाधारण वेगाने पसरली असून त्यामागे नैसर्गिक निवड आहे, असे या निबंधांचे प्रतिपादन होते. एएसपीएमचे नवे रूप सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचे ठरविण्यात आले आणि शेती, नगरे व लेखनकला यांच्या प्रसाराशी हा काळ जुळतो याकडे लक्ष वेधण्यात आले. दोन्ही रूपे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तुलनेने विरळ होती. पुढचा निष्कर्ष काढण्यासाठी वाचकाला फारसे कष्ट पडणार नव्हते, आणि तो काढणारे वाचक लगेच पुढे आलेही.

दोन वर्षांच्या आत या प्रतिपादनाचा पाया ढासळला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मूळ निबंधांतील डीएनएचे वाचन चुकीचे ठरले नव्हते. नमुने होते तेच होते, त्यांतील भेदही होते तसेच होते. कोसळली ती आकृतिबंधापासून अर्थापर्यंत नेणारी पायरी. प्रस्तुत लेखात या पायरीचीच चिकित्सा करावयाची आहे. जनुकसंचातील विविधतेवरून भूतकाळातील निवड ओळखण्याची पद्धती गेल्या पन्नास वर्षांत विकसित झाली. तिचे यश मोठे आहे, परंतु ती प्रत्यक्षात काय सिद्ध करते आणि तिच्या नावावर काय सांगितले जाते, यांत मोठे अंतर पडले आहे. हे अंतर भारतीय लोकसमूहांच्या बाबतीत अधिकच धोक्याचे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पद्धतीमागील तर्क

१९६८ मध्ये मोतू किमुरा यांनी मांडलेल्या तटस्थतावादाने या क्षेत्राला एक शिस्त लावली. रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल हिताचेही नसतात आणि अहिताचेही नसतात. पिढ्यानपिढ्या केवळ योगायोगाने त्यांचे प्रमाण वाढते वा घटते. यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. किमुरा यांचे म्हणणे शब्दशः खरे मानावे की नाही हा वाद आजही चालू आहे, परंतु त्यामुळे एक तुलनेचे माप मिळाले : निवड झालीच नसती तर विविधता कशी दिसली असती? या मापापासून जे दूर जाते, तेथे निवडीचा संशय घेता येतो.

१९७४ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी दुसरी कल्पना दिली. एखादे हितकारक उत्परिवर्तन वेगाने पसरते, तेव्हा गुणसूत्रावर त्याच्या शेजारी असलेले सर्व भेदही त्याच्याबरोबर ओढले जातात. परिणामी त्या परिसरातील विविधता जणू झाडून काढली जाते. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. मानवी गुणसूत्रावरील दहा लाख अक्षरांच्या पट्ट्यात एका पिढीत पुनःसंयोग होण्याची शक्यता सरासरीने सुमारे एक टक्का असते. म्हणजे असा पट्टा साधारण शंभर पिढ्यांत, अडीच-तीन हजार वर्षांत, मोडावा अशी अपेक्षा आहे. तो अनेक लोकांत अखंड आढळला, तर ते रूप तरुण आहे. आणि तरुण असूनही विपुल आहे, म्हणजे ते कोणत्या तरी कारणाने झपाट्याने वाढले. पार्डिस साबेती यांनी २००२ मध्ये मांडलेली कसोटी या तर्कावर आधारलेली आहे. दुर्मिळ भेदांचे आधिक्य मोजणारी ताजिमा यांची १९८९ ची कसोटी, किंवा दोन लोकसमूहांतील तफावत मोजणारी लेवॉन्टिन व क्रॅकावर यांची १९७३ ची कसोटी यांचा तपशील वेगळा, पण घडण हीच आहे.

तर्क निर्दोष आहे. अडचण 'कोणत्या तरी कारणाने' या शब्दांत आहे. लोकसमूह एकदा आकसून पुन्हा वाढला, तर दुर्मिळ भेदांचे आधिक्य निवडीवाचूनही निर्माण होते. स्थलांतराच्या आघाडीवर असलेल्या मोजक्या माणसांतील एखादे रूप, लाटेवर स्वार झाल्याप्रमाणे, पुढच्या साऱ्या प्रदेशात पसरू शकते. पुनःसंयोग कमी होणाऱ्या भागात पट्टे तसेही लांब राहतात. शिवाय ब्रायन चार्ल्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, अपायकारक उत्परिवर्तने सतत बाद होत राहिल्यानेही शेजारची विविधता घटते. हीदेखील निवडच, पण साफसफाईची; तिच्यातून कोणतीही नवी क्षमता निर्माण झालेली नसते.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न दुसऱ्या वाटेने परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. त्यात हजाराहून अधिक हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले गेले. एखादा पाठ शंभर पोथ्यांत आढळतो, म्हणून तो मूळचा किंवा श्रेष्ठ ठरत नाही. त्या शंभर पोथ्या एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या असतील. ती प्रत संपन्न मठात असेल, लेखनिकांना तेथे आश्रय मिळत असेल. पाठ पसरला त्याचे कारण पाठाच्या अंगी नसून प्रतीच्या भाग्यात असेल. म्हणून सुकथनकरांसारख्या संपादकांना पाठ मोजण्याआधी पोथ्यांचे कूळ लावावे लागले. जनुकसंचातही हाच क्रम हवा : आधी लोकसमूहाचे कूळ आणि इतिहास, मग जनुकाच्या गुणाचा विचार. निवडीच्या कथा बहुधा हा क्रम उलटा करतात.

काही अभ्यासक गृहीत इतिहास टाळण्यासाठी सरळ जनुकसंचातील सर्वांत विलक्षण असे एक टक्का भाग निवडतात आणि ते निवडीचे 'उमेदवार' मानतात. वाट सोयीची आहे, पण प्रत्येक परीक्षेत कोणीतरी पहिला येतोच; त्यावरून शिकवणीचा प्रभाव सिद्ध होत नाही. कोणत्याही वितरणाला शेपूट असते. निवड मुळीच झाली नसती तरी वरचा एक टक्का शिल्लक राहिलाच असता. रायन हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले की, विविधता संपूर्णपणे झाडून काढणाऱ्या अभिजात स्वरूपाच्या निवडीच्या घटना मानवाच्या अलीकडच्या इतिहासात विरळ आहेत. तरीही उमेदवारांच्या याद्या लांबतच गेल्या.

मेंदूची जनुके

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्रकरणाकडे वळू. मूळ निबंधांत मायक्रोसेफॅलिन व एएसपीएमच्या आकृतिबंधांची तुलना काही गृहीत इतिहासांनुसार केलेल्या संगणकीय प्रतिकृतींशी केली होती. २००६ मध्ये मथियास कुरा आणि लॉरां एक्सकॉफिए यांच्यासह काही अभ्यासकांनी दाखवून दिले की, गटांत विभागलेला आणि पुढे विस्तारलेला लोकसमूह गृहीत धरल्यास हेच आकृतिबंध निवडीवाचूनही निर्माण होतात. २००७ मध्ये फूली यू आणि सहकाऱ्यांनी याहून साधा प्रश्न विचारला. जनुकसंचातील इतर अनेक ठिकाणांच्या तुलनेत एएसपीएम खरोखर वेगळे दिसते काय? उत्तर नकारार्थी आले. त्याच वर्षी ही रूपे असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींच्या बुद्ध्यंकांची तुलना झाली आणि फरक आढळला नाही. या शेवटच्या अभ्यासात लान स्वतः सहभागी होते, ही गोष्ट त्यांच्या सचोटीच्या बाजूने नमूद करावयास हवी.

परंतु येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. जनुक मेंदूशी संबंधित नसून केसांच्या जाडीशी वा पित्तरसाशी संबंधित असते, तर शेती-नगरे-लेखनकला हा संदर्भ कोणाला सुचला असता काय? एखाद्या जनुकाचा बिघाड मेंदू लहान करतो यावरून त्याचे प्रत्येक निरोगी रूप बुद्धीवर परिणाम करते, असे मानण्यास कोणताही आधार नव्हता. आकृतिबंधाने एवढेच म्हटले होते की येथे काही असाधारण असू शकेल. बाकीचे जनुकाच्या नावाने सुचविले. १९७९ मध्ये स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी व्हेनिसच्या सान मार्को चर्चमधील कमानींचा दाखला देऊन या वृत्तीवर टीका केली होती. दोन कमानींमधील त्रिकोणी जागा चित्रासाठी निर्माण केलेली नसते. कमानी उभारल्या की ती आपोआप उरते, आणि चित्र नंतर येते. सव्वीस वर्षांनंतर, कितीतरी अधिक आकडेवारी हाताशी असताना, तोच दोष पुन्हा घडला.

वाचेशी संबंधित मानल्या गेलेल्या फॉक्सपी-२ या जनुकाची कथा याच वळणाची आहे. २००२ मध्ये अलीकडील निवडीचा दाखला म्हणून ती गाजली. २०१८ मध्ये एलिझाबेथ ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी जगातील विविध लोकसमूहांचे अधिक नमुने घेतले, तेव्हा तो संकेत टिकला नाही. आधीच्या नमुन्यांची घडणच त्याला कारण होती. पाठ्यपुस्तकांतून मात्र अशा कथा लवकर जात नाहीत.

एक जनुक, अनेक रोग

सीसीआर-५ या जनुकातील बत्तीस अक्षरे गळालेले रूप युरोपीय लोकांत सुमारे दहा टक्के प्रमाणात आढळते. ज्या व्यक्तीला ते माता व पिता दोघांकडूनही मिळते, तिला एड्सच्या विषाणूच्या प्रमुख प्रकाराचा संसर्ग सहसा होत नाही. एड्स हा अलीकडचा रोग आहे. तेव्हा या रूपाला पूर्वी कोणत्या तरी दुसऱ्या साथीने वाढविले असणार, असा विचार झाला. १९९८ मध्ये स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी त्याचे वय सुमारे सातशे वर्षे काढले. सातशे वर्षांपूर्वीचा युरोप म्हणजे चौदाव्या शतकातील प्लेगचा युरोप. कथा इतकी नेटकी होती की ती वर्गात सांगण्याचा मोह आवरणे कठीण होते. २००३ मध्ये गॅल्वानी आणि स्लॅटकिन यांनी गणित मांडून प्लेगऐवजी देवीच्या रोगाची बाजू घेतली. २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगात सीसीआर-५ नसल्याने प्लेगपासून संरक्षण मिळत नसल्याचे आढळले.

आणि मग वयच बदलले. २००५ मध्ये साबेती यांच्या गटाने अधिक दाट चिन्हके आणि गुणसूत्राचा सुधारित नकाशा वापरून या रूपाचे वय पाच हजार वर्षांहून अधिक काढले आणि आजूबाजूची विविधता इतर तटस्थ भागांहून फारशी निराळी नसल्याचे सांगितले. त्याच वर्षी सुमारे २,९०० वर्षांपूर्वीच्या जर्मनीतील सांगाड्यांत हे रूप आढळल्याचे वृत्त आले. २०२५ मध्ये प्राचीन आणि आधुनिक जनुकसंचांच्या एकत्रित अभ्यासातून ते किमान ६,७०० वर्षे जुने असल्याचे आणि प्रागैतिहासिक काळात त्याची निवड झाली असल्याचे मांडले गेले. म्हणजे निवड कदाचित झाली असेलही. परंतु ज्या साथीच्या नावाने ती सांगितली गेली ती साथ काही हजार वर्षांनी चुकली. गुणसूत्रावरील चिन्हकांमधील अंतर नव्या नकाशात बदलले, एवढ्या एका तांत्रिक कारणाने इतिहासातील एक संपूर्ण शतक कथेतून बाहेर पडले. वयाच्या अशा प्रत्येक अंदाजासोबत पुनःसंयोगाचा दर, पिढीचा कालावधी आणि लोकसमूहाचा आकार ही गृहीतके येतात. मूळ निबंधांत ती नमूद असतात. १९९८ च्या निबंधातही वयाची मर्यादा २७५ ते १,८७५ वर्षे अशी विस्तृत दिली होती. पण पुढे उद्धृत झाला तो सातशे हा एकच आकडा.

या जनुकाबाबतचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहिला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे च्यानक्वे या चिनी संशोधकाने दोन जुळ्या मुलींच्या भ्रूणावस्थेत हेच जनुक बदलल्याचे जाहीर केले आणि जगभर खळबळ उडाली. जून २०१९ मध्ये वेई आणि रास्मुस नील्सन यांनी ब्रिटनच्या बायोबँकेतील आकडेवारीवरून असे मांडले की, या रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्यांचा मृत्युदर सुमारे एकवीस टक्क्यांनी अधिक आहे. ऑक्टोबरमध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. वापरलेल्या चिन्हकाच्या चाचणीत दोन्ही प्रती असलेल्या व्यक्तींची नोंदच कमी होत होती, आणि नोंदीतील या उणिवेला मृत्यू समजले गेले होते. नील्सन हे या क्षेत्रातील पद्धतीचे अग्रगण्य अभ्यासक आहेत. अशा अभ्यासकाच्या हातूनही हे घडू शकते, यावरून संकेत आणि दोष यांतील सीमारेषा किती पुसट आहे याची कल्पना यावी.

दुधाची साक्ष

यावरून सारी पद्धतीच निरर्थक आहे असा समज होऊ नये. दुधातील शर्करा पचविण्याची क्षमता प्रौढपणी टिकून राहणे, हे अलीकडील निवडीचे आजवरचे सर्वांत भक्कम उदाहरण मानले जाते आणि ते योग्यच आहे. २००२ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून लॅक्टेज जनुकाच्या जवळील एका अक्षराचा बदल या क्षमतेशी निगडित असल्याचे आढळले. २००४ मध्ये या बदलाभोवतीचा पट्टा दहा लाख अक्षरांहून लांब अंतरापर्यंत बहुतांशी अखंड असल्याचे दिसले. २००७ मध्ये सारा टिशकॉफ यांनी केनिया, टांझानिया आणि सुदान येथील पशुपालक समूहांत हीच क्षमता त्याच परिसरातील वेगळ्या उत्परिवर्तनांमुळे आलेली असल्याचे दाखविले. दोन खंडांत स्वतंत्रपणे, एकाच जनुकाजवळ, पशुपालन करणाऱ्या लोकांत हे घडते. योगायोगाला येथे फारच थोडी जागा उरते. भारताचा संबंध येथे थेट येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील दोन हजारांहून अधिक व्यक्तींचे नमुने तपासले गेले. येथील प्रमुख रूप युरोपातील रूपाशी समान उगमाचे असून त्याचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे घटत जाते, असे आढळले.

मात्र निवड झाली हे मान्य केल्यानंतरही ती का झाली, हे उरतेच. रूढ उत्तर असे होते की दूध पिणाऱ्या समाजात दूध पचविणारा अधिक पोसला जातो. २०२२ मध्ये रिचर्ड एव्हरशेड, मार्क थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्तराची परीक्षा घेतली. युरोपभरातील प्राचीन खापरांवर चिकटलेल्या स्निग्धांशाच्या जवळजवळ सात हजार नोंदी आणि सतराशेहून अधिक प्राचीन व्यक्तींचा डीएनए त्यांनी एकत्र केला. दुधाचा वापर सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून सर्वत्र होता. पचविण्याची क्षमता मात्र इसवी सनपूर्व १,००० च्या सुमारापर्यंत फारशी पसरलेली नव्हती. दुधाचा वापर कोठे आणि किती होता, याचा या रूपाच्या वाढीशी मेळ बसला नाही. दुष्काळ आणि रोगसंसर्ग यांच्याशी मात्र तो अधिक चांगला बसला. सुस्थितीत दूध न पचणे म्हणजे पोटाची किरकोळ तक्रार. पण उपासमारीत वा आजारात होणारा अतिसार प्राणघातक ठरतो, असा त्यामागील विचार आहे.

या उदाहरणापासून घ्यावयाचा बोध प्रस्तुत लेखकास महत्त्वाचा वाटतो. निवडीचा सर्वांत स्पष्ट संकेत लाभलेल्या जनुकाच्या बाबतीतही, तिचे कारण जनुकसंचात लिहिलेले नव्हते. ते खापरांत, हाडांत आणि दुष्काळाच्या इतिहासात शोधावे लागले. सिकलसेलचेही असेच आहे. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी मलेरिया आणि सिकलसेल यांचा संबंध प्रस्थापित केला, तेव्हा जनुकसंचाचे वाचन तर दूरच, डीएनएची रचना कळूनही जेमतेम वर्ष लोटले होते. तिबेटी लोकांतील ईपास-१ या जनुकाच्या २०१० मधील अभ्यासाला वजन आले तेही त्या रूपाचा रक्तातील हिमोग्लोबिनशी असलेला संबंध दाखविता आला म्हणून. एका ठिकाणी त्याचे प्रमाण तिबेटी लोकांत ८७ टक्के आणि हान चिनी लोकांत ९ टक्के आढळले, ही तफावत अर्थातच नजरेत भरणारी होती. परंतु तेवढ्यावर काम भागले नाही.

उंचीचा धडा

एकेका जनुकाऐवजी शेकडो-हजारो ठिकाणांचा सूक्ष्म परिणाम एकत्र करून निवड शोधण्याचे प्रयत्न २०१२ पासून जोरात सुरू झाले. उत्तर युरोपातील लोक दक्षिणेकडील लोकांहून उंच असण्यामागे निवड आहे, असे अनेक निबंधांनी एकमुखाने सांगितले. २०१९ मध्ये जेरेमी बर्ग आणि मशाल सोहेल यांच्या दोन स्वतंत्र गटांनी उंचीवरील परिणामांचे आकडे ब्रिटनच्या बायोबँकेतील अधिक एकजिनसी नमुन्यांवरून घेतले आणि हा संकेत अगदी क्षीण झाला. आधीचे आकडे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रीकरणातून आले होते. उत्तरेकडे लोक उंच आहेत आणि उत्तरेकडे काही रूपे विपुल आहेत. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नसला तरी ती रूपे उंची वाढविणारी म्हणून गणली जातात. प्रत्येक ठिकाणची ही चूक नगण्य असते; हजार ठिकाणची बेरीज केली की तिचा डोंगर होतो. उंचीसारख्या, फूटपट्टीने मोजता येणाऱ्या आणि प्रचंड नमुने उपलब्ध असलेल्या गुणाची ही गत आहे. शिक्षणाची वर्षे, बुद्ध्यंक वा वर्तन यांच्याबाबत असे दावे वाचताना प्राध्यापकवर्गाने हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवावे.

प्राचीन डीएनएमुळे यातून एक वाट निघते हे खरे. २०१५ मध्ये इअन मॅथीसन यांनी २३० प्राचीन व्यक्तींच्या आधारे काही मोजक्या ठिकाणी निवडीचे पुरावे दिले, तेव्हा प्रमाण बदलताना प्रत्यक्ष 'पाहता' आले. डेव्हिड राइख यांच्या गटाने २०२४ मध्ये पूर्वप्रकाशनरूपाने ठेवलेल्या अभ्यासात ८,४०० हून अधिक प्राचीन व्यक्ती आहेत आणि उमेदवार ठिकाणे शेकडो आहेत. परंतु हा सारा साठा पश्चिम युरेशियातील आहे. राखीगढी येथे डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठएक सांगाड्यांचे नमुने तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकसंच त्यांपैकी केवळ एका स्त्रीचा होता. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही. भारतापुरते बोलावयाचे तर, आजच्या माणसांतील आकृतिबंधावरून मागे जाण्यावाचून तूर्त दुसरा मार्ग नाही.

भारतीय समूहांचे वाचन

आणि नेमके येथेच मागे जाणे सर्वाधिक कठीण आहे. १९६८ मध्ये इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक असला तरी गट जैविकदृष्ट्या एक नसतात, हा त्या तुलनेचा आशय होता. रक्तगट आणि शरीरमापनाच्या साधनांनी केलेले ते काम आज जुने वाटेल. त्यातील प्रश्न जुना झालेला नाही. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूहांची परस्परांत व्यापक सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती थांबत गेली. २०१७ मध्ये नाथन नाकात्सुका, कुमारसामी तंगराज आणि राइख यांच्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ गटांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांपासून वाढ झाल्याच्या खुणा अश्केनाझी ज्यूंहून आणि फिनलंडच्या लोकांहूनही तीव्र आढळल्या. त्यांतील चौदा गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे.

याचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एखादा गट वीस जोडप्यांपासून सुरू झाला असे समजा. चाळीस माणसांत प्रत्येक जनुकाच्या ऐंशी प्रती असतात. त्यांतील एकीवर एखादे नवे रूप असेल, तर आरंभीच त्याचे प्रमाण सव्वा टक्का होते, आणि पुढे गट बाहेर विवाह न करता वाढला तर तेच रूप, त्याच लांब अखंड पट्ट्यासह, हजारो लोकांत आढळेल. लांब पट्टा, कमी विविधता, शेजारच्या गटाशी मोठी तफावत : निवडीच्या साऱ्या खुणा हजर, आणि निवड मात्र नाही. युरोपीय नमुन्यांसाठी ठरविलेले मापदंड अशा गटांना जसेच्या तसे लावले, तर प्रत्येक जातीला स्वतःची एक 'निवड' सापडेल. तिच्यासाठी व्यवसाय, आहार वा परंपरा यांतून कारण शोधून देणारेही सापडतील. जातीची जैविक समर्थने आपल्या समाजाला नवी नाहीत. त्यांना आकडेवारीचे वस्त्र मिळू नये, एवढी दक्षता अभ्यासकांकडून अपेक्षित आहे.

नमुन्यांचा प्रश्न याहून ठळक आहे. '१००० जीनोम' प्रकल्पाने २०१५ मध्ये २६ लोकसमूहांतील २,५०४ व्यक्तींचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यातील दक्षिण आशियाई गट पाच : ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरमधील पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकन तमिळ. भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नमुना त्यात नव्हता आणि मराठी भाषकांचा गटही नव्हता. तरीही अनेक निबंधांतून या पाच गटांची बेरीज 'दक्षिण आशियाई' म्हणून एका स्तंभात मांडली जाते. २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पाची सुमारे दहा हजार व्यक्तींची, ८३ लोकसमूहांतील माहिती उपलब्ध होऊ लागल्याने ही उणीव काहीशी भरून निघाली आहे. या माहितीवर निवडीच्या कसोट्या चालविल्या जाणार हे उघड आहे. पारुल जोहरी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुचविल्याप्रमाणे त्याआधी प्रत्येक गटाचा स्वतंत्र आधारभूत इतिहास मांडला जाणे अगत्याचे आहे. गट किती लहान होता, केव्हा वेगळा झाला, साफसफाईच्या निवडीचा वाटा किती, हे ठरल्याशिवाय 'विलक्षण' या शब्दाला अर्थच येत नाही. आपल्या विद्यापीठांतून येणाऱ्या शोधनिबंधांच्या परीक्षकांनी हा एक प्रश्न विचारावयास सुरुवात केली, तरी बरेच काम होईल.

विपुल असणे म्हणजे हितकारक असणे हा समज तर आधी सोडला पाहिजे. २००९ मध्ये हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी-३ या जनुकातील पंचवीस अक्षरे गळालेले रूप भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे प्रसिद्ध झाले. ते हृदयविकाराची जोखीम अनेक पटींनी वाढविते. इतके अपायकारक रूप इतके विपुल कसे, असा प्रश्न सहज पडतो आणि त्याचा काही गुप्त लाभ असावा असे वाटू लागते. परंतु त्याचा उपद्रव बहुधा उतारवयात, मुलेबाळे झाल्यानंतर दिसतो. निवडीच्या तावडीत ते फारसे येतच नाही. लाभाची कथा रचण्याची येथे आवश्यकताच नाही.

मोजक्या पूर्वजांच्या खुणा निवड म्हणून वाचल्या तर कथा मिळते. त्या जशा आहेत तशा वाचल्या तर काय मिळते, हे वैश्य समाजाच्या उदाहरणावरून दिसते. आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील या मोठ्या समाजात ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज या विकराची उणीव इतर गटांच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात आढळते. शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीनसारखे औषध दिले, तर अशा रुग्णाच्या शरीरात ते वेळेवर विघटित होत नाही आणि स्नायू दीर्घकाळ निश्चेष्ट राहतात, श्वासाचेही. येथील भूलतज्ज्ञ हे रुग्णानुभवावरून जाणून होतेच. २०१७ च्या अभ्यासाने त्यामागील मोजक्या पूर्वजांचा इतिहास पुढे ठेवला. या विकराच्या उणिवेने कोणाचे काय भले केले असावे, असा प्रश्न कोणी विचारला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचा समाज विचारून औषध बदलता येते, एवढे त्यातून निघाले.